कोणी आवाज द्यायचा नाही

पिपरी मेघेच्या आमच्या चौकात रूपरावजी रस्ता ओलांडायला उभे राहिले की सगळे गप्प होत. पानठेल्यावरचा अनुप मोबाइलवरचं गाणं थांबवी. चहा पिणारे बोलणं अर्ध्यावर सोडत. रूपरावजी मान जरा वळवून उभे राहत, उजवा कान रस्त्याकडे. मग पांढरी काठी पुढे टाकून निघत. पलीकडच्या कडेला काठी टेकली की चौक पुन्हा सुरू होई.

हा नियम त्यांचाच होता. ते आंधळे आहेत. पूर्वी लोक ओरडून मदत करत. थांबा, या, अहो मागे. दोघं दोन बाजूंनी ओरडत आणि खरी गाडी त्यात बुडून जाई. असेच एकदा ते सायकलवर आदळले. उठून, धोतराची धूळ झटकून, ठेल्यापुढे येऊन म्हणाले, "आजपासून मले कोनी आवाज द्यायचा नाई. तुमच्या आवाजाखाली गाडी दबते. मराचं असन तं माह्या कानानं मरन, तुमच्या तोंडानं नाई."

लोक हसले. पण नियम पाळला. मी या चौकात लहानाचा मोठा झालो. देवळात शांत राहायचं असतं हे मला नंतर कळलं, रूपरावजी निघाले की शांत राहायचं हे आधी.

त्यांचं वय अठ्ठावन्न. गिरडच्या टेकडीच्या पायथ्याजवळचं एक खेडं त्यांचं गाव. सहाव्या वर्षी गोवराच्या तापात डोळे गेले. बापाने पाच गुरुवार टेकडीवर दर्ग्यात नेलं. नजर आली नाही. मग मामाने नागपूरला अंधांच्या शाळेत टाकलं. तिथे ते वेताच्या खुर्च्या विणायला शिकले. खुर्चीच्या चौकटीला भोकं असतात. भिजवलेली वेताची पट्टी त्यातून ओवायची. आधी उभी, मग आडवी, मग तिरकी. डोळस माणूस हे काम करताना डोळे मिटतो, असं ते म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी वर्ध्यातल्या शाळांच्या, वकिलांच्या, कचेऱ्यांच्या खुर्च्या विणल्या. खांद्यावर पट्ट्यांचं भेंडोळं, हातात काठी. बायको अनुसयाबाई अंगणवाडीत मदतनीस. मूलबाळ नाही.

मी मराठीत एम.ए. केलं. एका कॉलेजात तासिकेवर शिकवतो. तीन वर्षांपासून संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर बसून त्यांना वाचून दाखवतो. वाचता वाचता रस्त्याने काही गेलं की ते मला थांबवत. "मोतीलालची स्कूटर. प्लग खराब हाये." मी बघत असे. मोतीलालजीच असत. अनुप त्यांची परीक्षा घेई. रूपरावजी, सांगा हे कोनती? "तुह्या सासऱ्याची फटफटी. बायकोले न्याले येऊन राह्यला, लपून जाय."

चौकातला ब्रेकरही त्यांचाच. बारा वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीत अर्जावर अर्ज देऊन त्यांनी तो टाकून घेतला. सरपंचाला वाटलं, गाड्या हळू व्हाव्यात म्हणून. त्यांचं कारण वेगळं होतं. ब्रेकर आला की गाडीवाला गियर बदलतो. गियर बदलला की इंजिन बोलतं. ते म्हणत, "ब्रेकर म्हंजे गाडीनं तोंड उघडाची जागा." म्हणून ते नेहमी ब्रेकरपाशीच रस्ता ओलांडत.

गेल्या उन्हाळ्यात एकदा ते मला म्हणाले, आज ब्रेकरवर काहीतरी अंगाजवळून गेलं. वारा लागला. इंजिन नव्हतं, पेट्रोलचा वासही नव्हता. मी म्हणालो, सायकल असेल. त्यांनी मान हलवली. सायकलीची साखळी त्यांना पन्नास पावलांवरून कळते. पण मी शिकलेला. त्यांनी माझं ऐकलं आणि मी पुढचं पान उलटलं.

मोतीलालजींचं चौकात किराणा दुकान आहे. इला त्यांची एकुलती एक. बाविशीची. चौदाव्या वर्षी तिची नजर कमी व्हायला लागली, सतराव्या वर्षी गेली. तिने ऐकून अभ्यास केला. बँकेची परीक्षा पास झाली. हिंगणघाटच्या शाखेत जागा मिळाली. मोतीलालजींनी गल्लीभर पेढे वाटले आणि त्याच संध्याकाळी सांगितलं की नोकरी लागली हे चांगलं झालं, पण जायचं नाही. इथे बसमध्ये मी बसवून देईन. तिथे उतरल्यावर कोण आहे? रोज रस्ता कोण ओलांडून देईल?

रूपरावजी दुकानात गेले. मी सोबत होतो. ते म्हणाले, "पोरीले एक महिना माह्यासंग द्या. मी कोनाचा हात धरून चाललो का आजवर?"

मोतीलालजींनी दिली.

महिनाभर मी रोज दोघांना पाहत होतो. दोन काठ्या, एकामागे एक. ते तिला रस्ता ऐकायला शिकवत. येणारी गाडी आवाज ढकलते, जाणारी ओढते. ट्रक गेला की लगेच निघायचं नाही, त्याच्या आवाजामागे दुसरा लपलेला असतो. सगळं शांत झालं की एक श्वास थांबायचं. मग निघायचं. इला हसायला लागली होती. मोतीलालजी दुकानातून बघत आणि कोणी पाहिलं की वजनकाट्याकडे बघत.

दिवाळी होऊन दहा दिवस झाले होते. सोमवार होता, सकाळचे दहा. त्या दिवशी कधी निघायचं हे इलाने ठरवायचं होतं. पुढे ती, मागे रूपरावजी, त्यांचा हात तिच्या खांद्यावर. मी ठेल्यावर चहा पीत होतो. चौक गप्प झाला.

कापसाने भरलेला ट्रॅक्टर गेला. दोघं थांबले. त्याची धडधड लांब जाऊ दिली.

ट्रॅक्टरमागे अंतर ठेवून पांढरी गाडी आली. राकेश सरांची. सर कॉलनीत गणिताचे क्लास घेतात. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी इलेक्ट्रिक गाडी घेतली होती. ब्रेकरशी येऊन ती जवळजवळ थांबली.

मी गाडी पाहिली. अनुपने पाहिली. ठेल्यावर आम्ही सहा जण होतो. सहाही जणांनी पाहिली. आम्ही गप्प होतो. रूपरावजींना गाडी ऐकू आली नाही असं आजवर झालं नव्हतं.

रूपरावजींनी विचारलं, "सांग, कसा हाये?"

"मोकळा हाये, काका."

त्यांनी स्वतः एक श्वासभर ऐकलं. मग म्हणाले, "चाल."

राकेश सरांनी नंतर पोलिसांना सांगितलं की दोघं कडेला उभी होती. मुलीचा चेहरा सरळ त्यांच्याकडे होता. त्यांना वाटलं तिने पाहिलं, थांबेल. त्यांनी ब्रेकर उतरून पाय दाबला. ती गाडी पाय दाबताच उचलते.

आवाज झाला तो इलाचा. आणि तिची काठी डांबरावर घरंगळत गेली त्याचा.

रूपरावजींचा हात हवेत होता, खांद्याच्या उंचीवर. ते म्हणाले, "इला." मग म्हणाले, "काय लागलं तिले? अबे कोनी तं सांगा, काय लागलं?"

गाडी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होती.

सरांनीच तिला त्याच गाडीतून दवाखान्यात नेलं. मी मागे तिचा पाय धरून बसलो. रूपरावजी पुढे. त्यांनी डॅशबोर्डवर तळवा ठेवला आणि विचारलं, लवकर चालू काऊन नाई करत. सर म्हणाले, चालू आहे काका. रूपरावजींनी तळवा उचलला नाही. दवाखाना येईपर्यंत तो तिथेच होता.

नडगीची दोन्ही हाडं मोडली होती. रॉड टाकला. डॉक्टरांनी दोन-अडीच महिने सांगितले. बँकेने दाखला पाहून मुदत वाढवून दिली. एकतीस जानेवारीपर्यंत हजर व्हायचं, नाहीतर जागा सोडत असल्याचं लिहून द्यायचं.

चौथ्या दिवशी रूपरावजी एकटे ब्रेकरपाशी येऊन उभे राहिले. आणि चौक ओरडायला लागला. थांबा. या या. नका येऊ, रिक्षा आहे. गेली, या आता. सगळे एकदम. कोणाला गप्प बसवेना. ते मान वळवून उभे होते. ऊन डोक्यावर आलं. मग ते फिरले आणि घरी गेले. अनुप माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी पाहून राह्यलो होतो बे. तोंडात पान नव्हतं, काई नव्हतं."

माझ्याही तोंडात काही नव्हतं.

संध्याकाळी रूपरावजींना घेऊन मी मोतीलालजींच्या घरी गेलो. मला वाटलं ते शिव्या देतील. त्यांनी पाणी दिलं. आतल्या खोलीत इला पलंगावर होती, दार उघडं होतं. मोतीलालजी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले.

"रूपरावजी, मी दुकानदार मानूस. मले यातलं समजत नाई," ते म्हणाले. "तुमी सांगतलं, मी पोरगी देल्ली. आता भी तुमीच सांगा. ठीक झाल्यावर हे एकटी रस्ता पार करन, असं तुमच्या तोंडानं म्हना, मी पाठवतो. म्हनता येत नसन तं तिले म्हना, सोड म्हनून. मी म्हनलो तं मी तिचा दुश्मन होतो."

आतून इला म्हणाली, "काका, तुमी म्हनसान ते मी आयकीन."

रूपरावजींनी वेळ मागितला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला राकेश सरांकडे न्यायला सांगितलं. सर घाबरले. त्यांना वाटलं भांडायला आले. रूपरावजी म्हणाले, तुमची गाडी मले आयकू द्या. सरांना कळेना. मग कळलं, आणि ते लगेच हो म्हणाले. फार लवकर म्हणाले.

सिंदी मेघेकडे प्लॉटांचा एक नवा लेआउट पडला आहे. सिमेंटचा रस्ता झाला आहे, घरं अजून नाहीत. रविवारी सकाळी आम्ही तिथे गेलो. रूपरावजी कडेला उभे राहिले. सरांनी गाडी लांबून आणायची, जवळून न्यायची. ऐकू आली की रूपरावजींनी काठी उचलायची. मी वहीत खुणा करायच्या.

जोरात आली की त्यांना कळत होती. टायर सिमेंटवर सरसरत. दहातून नऊ वेळा काठी उठली. मग त्यांनी सरांना हळू आणायला सांगितलं, ब्रेकरवर येते तशी.

दहातून दोनदा.

आठ वेळा गाडी त्यांच्या पोटापुढून गेली आणि ते वाट बघत उभे होते. पाचव्यांदा सरांनी थोडं पुढे जाऊन गाडी थांबवली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवलं. रूपरावजी विचारत होते, काऊन थांबले, आनत नाईत काऊन.

शेवटी त्यांनी खाली बसून रस्त्याला हात लावला. सरांना गियरबद्दल विचारलं. सर म्हणाले, या गाडीला गियर बदलावा लागत नाही. ती जितकी हळू, तितकी गप्प. रूपरावजी म्हणाले, "म्हंजे माह्या ब्रेकरवर सगळ्यात मुकी होते." सर म्हणाले, मी यापुढे तिथे प्रत्येक वेळी हॉर्न देईन.

"तुमी देसान, सर. बाकीचे?"

सर म्हणाले, हळू चालताना आपोआप आवाज करणाऱ्या गाड्याही निघाल्यात म्हणतात. येतील हळूहळू.

"पोरीचं एकतीस जानेवारी हाये," रूपरावजी म्हणाले.

मग ते ऐकायला बसले. त्याला दुसरा शब्द नाही. ओसरी सोडून रस्त्याच्या कडेला, कडुनिंबाखाली, सकाळी आठपासून. वाचन बंद झालं. कॉलेजातून आलो की मी शेजारी बसायचं आणि विचारलं की खरं सांगायचं.

"आता गेली का?"

"नाही."

"आता?"

"गेली. पांढरी. तुम्ही विचारायच्या आधी."

डिसेंबर असा गेला. ते बारीकसारीक पकडायला शिकले. टायरखाली चिरडणारा खडा. खिडकीतून येणारं गाणं. डासासारखी आवाजाची एक सुई, जी काही गाड्यांना असते आणि काहींना नसते. एखादी पकडली की ते मला तिचं वर्णन करून सांगत. मी लिहून घेई. इलाला शिकवायचं होतं ना. वहीची नऊ पानं भरली. शेजारी कोणी मिक्सर लावला की ती नऊ पानं बाद होत.

एका शाळेच्या चार खुर्च्या ओसरीवर चौकटी उघड्या टाकून पडल्या होत्या. बादलीतल्या पट्ट्या भिजून काळ्या पडल्या. अनुसयाबाईंनी त्या उकिरड्यावर टाकल्या. मला दाराआड बोलावून त्या म्हणाल्या, "झोपत नाई हा मानूस. कानात सुई वाजते म्हनते. तू तरी त्याले घरात आन ना बाप्पा."

मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, अजून अठरा दिवस आहेत.

जानेवारीच्या मध्यात वेगळंच सुरू झालं. ते काठी उचलत. आली, म्हणत. मी बघे. रस्ता रिकामा असे. मी नाही म्हणालो की त्यांचा चेहरा माझ्याकडे वळे. नीट पाह्य, म्हणत. मी उभा राहून दोन्ही बाजूंना पाही. दुपारच्या उन्हात एक कुत्रं तेवढं चालत असे. एकदा मी खोटं बोललो. हो, गेली, म्हणालो. त्यांना इतका आनंद झाला की मला तिथे बसवेना.

दुसऱ्या दिवशी मी ते खोटं होतं हे सांगितलं. ते रागावले नाहीत. वहीतली ती खूण खोडायला लावली.

एकोणतीस तारखेला पुन्हा लेआउटवर गेलो. सर आले. हळू, दहा वेळा. पाचदा काठी खऱ्या गाडीला उठली. तीनदा गाडी नसताना उठली. रूपरावजींनी मला खुणा दोनदा मोजायला लावल्या. सर म्हणाले, पुन्हा करू, अजून दहा करू. रूपरावजी म्हणाले, नको.

तिथून आम्ही मोतीलालजींकडे गेलो. दुपारचे बारा वाजले असतील. इला वॉकर धरून बाहेरच्या खोलीत आली. तिने नवी ओढणी घेतली होती. बहुतेक तिला वाटलं होतं की हे हो म्हणायला आले.

रूपरावजी उभ्यानेच बोलले. "बाई, दहामंदून पाच."

"आधी दोन होते ना, काका," इला म्हणाली. "वाढले."

"वाढले."

"मंग अजून वाढतीन."

"वाढतीन. पन तू परवा जाशीन." ते थांबले. "आन मले आता नसलेल्या गाड्या भी आयकू येते. मी तुले जाय नाई म्हनू शकत."

इला खुर्चीचा हात चाचपून बसली.

"मंग तुमी चाळीस वर्सं कसे चालले?"

"गाड्या बोलत होत्या," रूपरावजी म्हणाले. "मले वाटे, मी हुशार आहो."

तिने वडिलांना कागद मागितला. मोतीलालजींनी तो पंधरा दिवसांपूर्वीच टाइप करून आणला होता, हे मला माहीत होतं. ते जागचे उठले नाहीत. त्यांना हवं तेच होत होतं आणि त्यांना उठता येईना. ते म्हणाले, राहू दे आज. परवापर्यंत टाइम हाये. मी येत जाईन तुह्यासंग हिंगणघाटले, दुकान बंद ठेवन.

"किती दिवस, बाबा?"

त्यांनी कपाटाकडे पाहिलं.

कागद मी कपाटातून आणला. तिने वाचायला सांगितला. मी वाचला. तीन ओळी होत्या. वैयक्तिक कारणास्तव, असं लिहिलं होतं. माझा आवाज नीट निघाला, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. मी कागदावर पट्टी ठेवली, तिचं बोट पट्टीच्या टोकाला लावलं. तिने पट्टीच्या आधाराने सावकाश नाव लिहिलं. आडनावापाशी पेन अडलं. तिने ते झटकलं आणि पुढे लिहिलं.

मग ती म्हणाली, "काका, खुर्ची विनाले शिकवा मले. घरी बसून होते ते."

रूपरावजी दाराकडे वळले. काठीने उंबरठा शोधला. बाहेर रस्ता होता, दुपारचा, मोकळा. त्यावरून काही जात होतं की नाही हे मी बघितलं नाही. त्यांनी एक पाऊल उचललं आणि परत ठेवलं. मी दंड पुढे केला. त्यांना तो लागला, तरी त्यांनी धरला नाही. काठी उंबरठ्यावरच टेकलेली राहिली.

मोतीलालजींनी आतून एक प्लास्टिकची खुर्ची आणली आणि त्यांच्या मागे ठेवली. ते बसले.